‘सी’ या अक्षराची साक्ष

हार्वर्ड कॉलेज वेधशाळेच्या ‘ॲनल्स’ या ग्रंथमालेतील अठ्ठाविसाव्या खंडाचा पहिला भाग १८९७ साली प्रसिद्ध झाला. उत्तर आकाशातल्या ६८१ ठळक ताऱ्यांचे वर्णपट त्यात तपासलेले आहेत. शीर्षकपानावर विवेचक म्हणून अँटोनिया सी. मॉरी यांचे नाव आहे, आणि काम कोणाच्या देखरेखीखाली झाले हे सांगताना संचालक एडवर्ड सी. पिकरिंग यांचे. आतल्या कोष्टकांत प्रत्येक ताऱ्याचा गट रोमन आकड्यात दिला आहे. त्या आकड्याला जोडून ‘ए’, ‘बी’ किंवा ‘सी’ असे एक लहान अक्षर येते. त्यातले ‘सी’ मोजक्याच ताऱ्यांच्या वाट्याला आले आहे. या ताऱ्यांच्या वर्णपटातल्या हायड्रोजनच्या रेषा गटातल्या इतर ताऱ्यांपेक्षा अरुंद आणि रेखीव आहेत, तर दुसऱ्या काही रेषा अधिक ठळक आहेत, एवढाच त्या अक्षराचा अर्थ.

असे का व्हावे, याचे उत्तर त्या वेळी कोणाकडेच नव्हते. इलेक्ट्रॉनचा शोध त्याच वर्षी लागत होता आणि अणूच्या रचनेचा पत्ता नव्हता. तरीही मॉरी यांनी फरक दिसला म्हणून नोंदवला. पुढे आठ वर्षांनी कोपनहेगनच्या एका रसायन अभियंत्याने ते कोष्टक वाचले आणि ‘सी’ची खूण असलेले तारे इतरांच्या मानाने अफाट तेजस्वी आहेत हे दाखवून दिले. दरम्यान ज्या संस्थेने हे अक्षर छापले, तिनेच आपल्या पुढच्या याद्यांतून ते काढून टाकले होते.

ताऱ्यांच्या वर्गीकरणाचा इतिहास सहसा दोन टप्प्यांत सांगतात. हार्वर्डच्या स्त्रियांनी तारे तापमानाच्या क्रमाने लावले, आणि मग हर्टझस्प्रुंग व रसेल यांनी त्यात तेजस्वितेची भर घातली. छापील खंड, हार्वर्डच्या दप्तरातली पत्रे, एक रोजनिशी आणि काचेच्या छायाचित्रपट्ट्या कालानुक्रमे मांडल्या, तर चित्र बदलते. तेजस्वितेची खूण १८९७ मध्ये छापली गेली. तापमानाच्या अक्षरांना आजचा क्रम मिळाला तो १९०१ मध्ये. म्हणजे जी गोष्ट नंतर आली असे आपण मानतो, तिचा पुरावा आधीच कागदावर होता. तो कसा नोंदला गेला, कसा मागे पडला आणि कसा परत आला, हे त्या कागदांवरूनच पाहू.

काचेवरचे तारे

ताऱ्यांचे रंग वेगवेगळे असतात हे नुसत्या डोळ्यांनाही कळते. चित्रा निळसर पांढरी, ज्येष्ठा तांबूस, ब्रह्महृदय पिवळसर. पण रंगाचे वर्णन बघणाऱ्यागणिक बदलते. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात रोमच्या आंजेलो सेक्की यांनी दुर्बिणीला वर्णपटदर्शक जोडून ताऱ्यांचे मोजके वर्ग पाडले. तेही डोळ्यांच्या भरवशावर. पुन्हा तपासता येईल असा पुरावा छायाचित्राने दिला. न्यू यॉर्कचे हौशी खगोलवेत्ते डॉ. हेन्री ड्रेपर यांनी १८७२ मध्ये अभिजित ताऱ्याच्या वर्णपटाचे छायाचित्र घेतले, त्यात रेषा उमटल्या. १८८२ मध्ये ते अकाली वारले. त्यांच्या पत्नी ॲना पामर ड्रेपर यांनी १८८६ पासून पतीच्या स्मरणार्थ हार्वर्डला निधी दिला. ‘हेन्री ड्रेपर स्मारक’ या नावाने चाललेले सगळे काम त्या पैशावर उभे राहिले.

पिकरिंग यांची पद्धत साधी आणि उत्पादक होती. दुर्बिणीच्या मुख्य भिंगापुढेच काचेचा लोलक बसवायचा. मग पट्टीवर ताऱ्याचा ठिपका उमटण्याऐवजी त्याच्या प्रकाशाची लांबट रेघ उमटते, आणि एकाच छायाचित्रात कित्येक ताऱ्यांचे वर्णपट मिळतात. दुर्बीण फिरवणाऱ्या घड्याळाची चाल किंचित बदलली की रेघ रुंदावते आणि तिच्यातल्या आडव्या काळ्या रेषा वाचता येतात. लहान दुर्बिणीने हजारो ताऱ्यांचे छोटे वर्णपट घेतले जात. अकरा इंची ड्रेपर दुर्बिणीपुढे चारपर्यंत लोलक लावले, की ठळक ताऱ्यांचे लांब, तपशीलवार वर्णपट मिळत. हा दुहेरी मार्ग महत्त्वाचा आहे, कारण पुढचे दोन दृष्टिकोन त्यातूनच निघाले: एक विस्ताराचा, दुसरा खोलीचा.

विस्ताराचे काम विल्यमिना फ्लेमिंग यांच्याकडे आले. स्कॉटलंडच्या डंडी शहरातून अमेरिकेत आलेल्या आणि नवऱ्याने टाकलेल्या या बाईंनी पिकरिंग यांच्या घरी कामवाली म्हणून नोकरी धरली होती. १८८१ पासून त्या वेधशाळेच्या कायम सेवेत होत्या. १८९० साली ‘ॲनल्स’च्या सत्ताविसाव्या खंडात ‘ड्रेपर कॅटलॉग’ प्रसिद्ध झाला. त्यात १०,३५१ ताऱ्यांचे वर्गीकरण आहे. ग्रंथ पिकरिंग यांच्या नावावर असला, तरी मोजमाप, वर्गीकरण आणि छपाईची तयारी फ्लेमिंग यांनी सांभाळल्याचे त्यांनी प्रस्तावनेत नोंदवले आहे. या यादीत सेक्कींच्या वर्गांचे पोटभेद करून इंग्रजी वर्णमालेतली अक्षरे दिली. हायड्रोजनच्या रेषा सर्वांत ठळक त्यांना ‘ए’, त्याखालोखाल ‘बी’, असे पुढे. हा क्रम तापमानाचा नव्हता, दिसण्याचा होता.

फ्लेमिंग यांच्याविषयी अनेक आख्यायिका आहेत, पण त्यांची स्वतःची रोजनिशीच अधिक भरवशाची. हार्वर्डने भावी वाचकांसाठी कागदपत्रांची एक पेटी तयार केली होती. तिच्यासाठी त्यांनी मार्च १९०० मध्ये ही रोजनिशी लिहिली. नवे तारे शोधावेत, वर्णपटांतली वैशिष्ट्ये अभ्यासावीत, यातच आयुष्य गेले तर किती सुंदर, असे त्या म्हणतात. प्रत्यक्षात दिवसाचा बहुतेक वेळ इतरांचे लेखन छपाईसाठी तयार करण्यात जातो, हीही खंत आहे. पगाराचा विषय काढला की बायकांच्या मानाने तुम्हाला उत्तम पगार आहे असे संचालक ऐकवतात, ही नोंद तर स्पष्टच आहे. त्यांना वर्षाला १,५०० डॉलर मिळत, काही पुरुष साहाय्यकांना २,५००. त्यांच्या हाताखालच्या स्त्रियांचा मोबदला तासावर ठरे. इतिहास लिहिणाऱ्याने हे आकडे बाजूला ठेवू नयेत. एका संस्थेत कोणाच्या निरीक्षणाला किती वजन मिळते, याचा अंदाज अशा नोंदींतून येतो.

अभिजित आणि डेनेब

खोलीचे काम मॉरी यांच्याकडे होते. हेन्री ड्रेपर त्यांचे मामा. १८८७ मध्ये वासार कॉलेजातून पदवी घेताना त्यांना मारिया मिचेल यांच्यासारख्या खगोलवेत्तीचे शिक्षण लाभले होते. १८८८ मध्ये त्या हार्वर्डला आल्या. पुढच्याच वर्षी पिकरिंग यांनी सप्तर्षीतल्या वसिष्ठ ताऱ्याच्या रेषा कधी दुहेरी तर कधी एकेरी दिसतात हे जाहीर केले, म्हणजे तो तारा जुळा आहे. त्या पट्ट्यांचा बारकाईने अभ्यास करणाऱ्या म्हणून मॉरी यांचा उल्लेख त्यांनी केला. सारथी तारकासमूहातल्या अशाच एका ताऱ्याच्या रेषा सुमारे चार दिवसांच्या आवर्तनाने दुभंगतात, हे मॉरी यांनी स्वतः हेरले. त्यांची नजर रेषेच्या जागेइतकीच तिच्या जाडीवर आणि कडांवर जात असे, हे तेव्हाच दिसून आले होते.

‘सी’ हे अक्षर कशाची नोंद आहे, ते दोन ताऱ्यांवरून समजून घेऊ. पावसाळा सरला की भाद्रपद-आश्विनातल्या संध्याकाळी आपल्या आकाशात अभिजित आणि हंस तारकासमूहातला डेनेब एकाच वेळी वर दिसतात. दोघेही पांढरे. दोघांच्याही वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा प्रमुख. म्हणून अक्षरांच्या वर्गीकरणात दोघेही ‘ए’. पण अकरा इंची दुर्बिणीच्या पट्टीवर त्यांच्यातला भेद सरळ दिसतो. अभिजितच्या हायड्रोजनरेषा रुंद असतात. मध्यभागी गडद आणि दोन्ही बाजूंना हळूहळू विरत जाणाऱ्या, जणू ओल्या कागदावर शाईची रेघ पसरावी तशा. डेनेबच्या त्याच रेषा त्याच जागी आहेत, पण बारीक आणि धारदार कडांच्या. शिवाय अभिजितच्या पट्टीवर पुसट दिसणाऱ्या धातूंच्या काही रेषा डेनेबच्या पट्टीवर उठून दिसतात.

मॉरी यांनी असे वर्णपट शेजारी शेजारी ठेवून तुलना केली आणि बावीस गट पाडले. पहिल्या गटांत मृग नक्षत्रातल्या निळसर ताऱ्यांसारखे तारे, मग अभिजित-व्याधासारखे पांढरे, मग सूर्यासारखे पिवळे, मग तांबडे. फ्लेमिंग यांच्या अक्षरांत ‘बी’ हे ‘ए’च्या मागे होते, मॉरी यांच्या मालिकेत ते तारे पुढे आले, आणि तो बदल टिकला. पण एवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. एकाच गटातले तारे रेषांच्या ठेवणीत वेगळे दिसत होते, म्हणून त्यांनी वर्गीकरणाला दुसरी दिशा जोडली. ‘ए’ म्हणजे नेहमीच्या स्पष्ट रेषा, ‘बी’ म्हणजे रुंद आणि अस्पष्ट, ‘सी’ म्हणजे अरुंद आणि रेखीव. ‘ए’ आणि ‘सी’ यांच्या मधल्यांना दोन्ही अक्षरे. रुंद, अस्पष्ट रेषांचे कारण बहुधा ताऱ्याचे वेगाने स्वतःभोवती फिरणे असते हे आज माहीत आहे. ‘सी’चे कारण त्याहून मोठे होते.

पत्रांतला वाद

या कामाला नऊ वर्षे लागली आणि ती सुखाची नव्हती. पिकरिंग यांना यादी लवकर छापून हवी होती. मॉरी यांना प्रत्येक संशय फिटल्याशिवाय हात सोडवत नव्हता. मध्ये त्या वेधशाळा सोडून शाळेत शिकवू लागल्या. १८९२ ते १८९४ या काळातल्या त्यांच्या पत्रांत एकच आग्रह वारंवार येतो. हे काम आपले म्हणून उभे राहील अशा अवस्थेत येईपर्यंत ते दुसऱ्याच्या हाती देणे न्याय्य नाही. ताऱ्यांच्या वर्णपटांच्या परस्परसंबंधांची उपपत्ती आपण खूप विचार आणि तपशीलवार तुलना करून मांडली आहे, तेव्हा तिचे श्रेय आपल्या नावावर पडले पाहिजे. वडील मिटन मॉरी यांनीही पिकरिंग यांना त्याविषयी लिहिले.

ही पत्रे हट्टी स्वभावाचा पुरावा म्हणून वाचली गेली आहेत. मला त्यांत वेगळे काही दिसते. आपण केलेली वर्गवारी नुसती उस्तवारी नाही, तिच्यामागे एक विचार आहे, हे मॉरी यांना पक्के ठाऊक होते. ‘सी’ हे अक्षर विचाराने दिलेले आहे, पट्टीवरचा डाग म्हणून नव्हे. पुढच्या वादाचा निकाल याच मुद्द्यावर लागायचा होता. १८९७ च्या शीर्षकपानावर त्यांचे नाव आले, ते या पत्रांच्या पार्श्वभूमीवर.

वेगाची बाजू

१८९६ मध्ये ॲनी जम्प कॅनन हार्वर्डला आल्या. पेरूमधल्या आरेकिपा येथून तेरा इंची बॉयडन दुर्बिणीने घेतलेल्या पट्ट्यांवरून दक्षिण आकाशातल्या ठळक ताऱ्यांचे वर्गीकरण त्यांच्याकडे होते. १९०१ मध्ये अठ्ठाविसाव्या खंडाचा दुसरा भाग निघाला. त्यात १,१२२ तारे आहेत. कॅनन यांनी फ्लेमिंग यांची अक्षरे ठेवली, अनावश्यक ती गाळली आणि उरलेल्यांचा क्रम लावला: ओ, बी, ए, एफ, जी, के, एम. दोन अक्षरांमधल्या पायऱ्यांसाठी आकडे वापरले. निळ्यापासून तांबड्यापर्यंत अखंड मालिका तयार झाली. आजही प्रत्येक विद्यार्थी हीच सात अक्षरे शिकतो. ओ ताऱ्यांच्या पृष्ठभागाचे तापमान तीस हजार केल्व्हिनच्या वर, ए ताऱ्यांचे साडेसात ते दहा हजारांच्या दरम्यान, सूर्याच्या जी वर्गाचे साडेपाच हजारांच्या आसपास, एम ताऱ्यांचे साडेतीन हजार आणि त्याहून कमी.

या क्रमात मॉरी यांच्या दुसऱ्या दिशेला रकाना नव्हता. रेषांचे वेगळेपण कॅनन यांनी टिपांत लिहिले, पण वर्गाच्या चिन्हात ‘सी’ राहिला नाही. त्यामागचे कारण व्यवहाराचे होते. पिकरिंग यांना संपूर्ण आकाशाची यादी करायची होती. लहान वर्णपटांत रेषेच्या कडा दिसत नाहीत, आणि लाखो ताऱ्यांना लागू पडेल अशी पद्धत साधीच असावी लागते. हा निर्णय समजण्यासारखा आहे. कॅनन यांच्या कामाची थोरवीही त्यामुळे कमी होत नाही. ऑक्टोबर १९११ ते सप्टेंबर १९१५ या काळात त्यांनी महिन्याला सुमारे पाच हजारांच्या गतीने तारे वर्गीकृत केले. त्या भिंगातून पाहून वर्ग उच्चारीत आणि साहाय्यक तो लिहून घेई. १९१८ ते १९२४ दरम्यान नऊ खंडांत छापलेल्या ‘हेन्री ड्रेपर कॅटलॉग’मध्ये २,२५,३०० तारे आहेत. एका व्यक्तीच्या नजरेतून इतके तारे गेल्यामुळे त्या यादीत जो एकसंधपणा आला, त्यावर पुढचे निम्मे शतक चालले.

वाचणारा माणूस

आयनार हर्टझस्प्रुंग हे शिक्षणाने रसायन अभियंता. छायाचित्रणाच्या रसायनशास्त्रातून ते खगोलशास्त्राकडे आले. ‘ताऱ्यांचे प्रारण’ या विषयावरचे त्यांचे दोन लेख १९०५ आणि १९०७ मध्ये शास्त्रीय छायाचित्रणाच्या एका जर्मन नियतकालिकात आले. खगोलवेत्ते ते सहसा चाळत नसत. या लेखांत हर्टझस्प्रुंग यांनी स्वतः नवे वेध घेतलेले नाहीत. त्यांनी हार्वर्डची छापील कोष्टके घेतली आणि त्यांना एक प्रश्न विचारला.

प्रश्न असा: तारा ठळक दिसतो तो जवळ असल्यामुळे, की मुळातच तेजस्वी असल्यामुळे? उत्तरासाठी अंतर हवे, आणि त्या काळी फार थोड्या ताऱ्यांची अंतरे मोजली गेली होती. हर्टझस्प्रुंग यांनी निजगतीचा, म्हणजे ताऱ्याच्या आकाशातल्या संथ सरकण्याचा आधार घेतला. समूहाचा विचार केला तर जवळचे तारे जास्त सरकताना दिसतात, दूरचे कमी. वेगवेगळ्या ठळकपणाच्या ताऱ्यांची तुलना एका मापावर आणून त्यांनी मॉरी यांचे उपवर्ग तपासले. ‘सी’ ताऱ्यांची निजगती अगदी अल्प निघाली. म्हणजे ते फार दूर आहेत. इतक्या दुरून इतके ठळक दिसतात, तर मुळात प्रचंड तेजस्वी असलेच पाहिजेत. अभिजित वर्षाला सुमारे ०.३५ विकला सरकतो. डेनेबची गती त्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी आहे. आजच्या मोजमापानुसार अभिजित पंचवीस प्रकाशवर्षांवर आहे आणि सूर्याच्या चाळीस-पन्नास पट तेजस्वी. डेनेब हजाराहून अधिक प्रकाशवर्षांवर, आणि त्याची तेजस्विता सूर्याच्या निदान पन्नास हजार पट. रंग तोच, अक्षर तेच, आणि तेजात हजारपटीचा फरक. तो फरक ओळखण्याची खूण मॉरी यांच्या कोष्टकात छापलेली होती.

हर्टझस्प्रुंग यांनी हार्वर्डशी पत्रव्यवहार सुरू केला. २२ जुलै १९०८ च्या पत्रात त्यांनी पिकरिंग यांना स्पष्ट लिहिले की सेक्की आणि जर्मन खगोलवेत्ते फोगेल यांच्या प्रयत्नांनंतर ताऱ्यांच्या वर्गीकरणातली सर्वांत मोठी प्रगती म्हणजे मॉरी यांनी ‘सी’ तारे वेगळे काढणे. ते वैशिष्ट्य दुर्लक्षून वर्गीकरण करणे म्हणजे देवमासा आणि मासा यांतला निर्णायक भेद कळल्यावरही प्राणिशास्त्रज्ञाने दोघांना एकाच वर्गात ठेवण्यासारखे आहे, असेही त्या पत्रात आहे. पिकरिंग यांना हे पटले नाही. वर्णपटदर्शकाच्या अरुंद फटीविना, केवळ लोलकातून घेतलेल्या पट्ट्यांवर रेषांची रुंदी भरवशाने ठरवता येते का, ही त्यांची शंका होती. हवा अस्थिर असेल, भिंग नीट जुळले नसेल, तर रेषा आपोआप जाड होते. आक्षेप पोकळ नव्हता. पण मॉरी यांनी रुंदीबरोबर दुसरी गोष्टही लिहून ठेवली होती: ‘सी’ ताऱ्यांत विशिष्ट धातूंच्या रेषा गडद होतात. पुसट छायाचित्र सगळ्याच रेषा पुसट करील. काही निवडक रेषा गडद करणार नाही. १८९७ च्या वर्णनात हा तपशील होता, म्हणूनच हर्टझस्प्रुंग यांचा त्यावर विश्वास बसला.

रसेल यांचे दोन कागद

प्रिन्स्टनचे हेन्री नॉरिस रसेल यांनी वेगळ्या वाटेने तीच जागा गाठली. केंब्रिजमध्ये त्यांनी ताऱ्यांच्या अंतरांचे मापन केले होते; त्या ताऱ्यांचे वर्णपट आणि ठळकपणा पिकरिंग यांनी हार्वर्डमधून पुरवले. १३ जून १९१३ रोजी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत रसेल यांनी निष्कर्ष मांडले आणि १९१४ मध्ये ते आकृतीसह छापले. आडव्या अक्षावर वर्ग, उभ्यावर खरी तेजस्विता. बहुतेक तारे एका तिरप्या पट्ट्यात येतात. तीच मुख्य श्रेणी. वर, वेगळ्या जागी, राक्षसी तारे. तारकागुच्छांसाठी अशाच आकृत्या युरोपात त्याआधी आल्या होत्या: १९१० मध्ये हान्स रोझेनबर्ग यांची कृत्तिकांसाठी, १९११ मध्ये हर्टझस्प्रुंग यांची.

रसेल यांच्या आकृतीत डाव्या कोपऱ्यात खाली एकच ठिपका आहे. तो वैतरणी तारकासमूहातल्या एका ताऱ्याचा अंधुक जोडीदार. रंगाने पांढरा, तेजाने अगदी क्षीण. या ठिपक्याविषयी रसेल यांचे दोन कागद आहेत. १९४४ मध्ये त्यांनी लिहिले की १९१० साली आपण पिकरिंग यांच्याकडे या ताऱ्याचा वर्ग विचारला, फ्लेमिंग यांच्याकडून थोड्याच वेळात ‘ए’ असे उत्तर आले, आणि श्वेत बटू ताऱ्यांच्या अस्तित्वाची जाणीव झालेली पहिली व्यक्ती म्हणजे फ्लेमिंग. ही आठवण सुंदर आहे आणि श्रेय योग्य ठिकाणी देणारी आहे. पण १९१४ च्या छापील लेखात सूर सावध आहे. अंतर आणि ठळकपणा पक्के, मात्र शेजारच्या झळाळत्या ताऱ्यामुळे वर्णपट पाहणे फार कठीण, असे म्हणून रसेल यांनी तो अपवाद बाजूला ठेवला होता. दोन्ही कागद खरे मानायला हरकत नाही. उत्तर १९१० मध्ये मिळाले. त्यावर विश्वास बसायला वॉल्टर ॲडम्स यांनी माउंट विल्सनवरून दुजोरा देईपर्यंत वेळ लागला. फ्लेमिंग १९११ मध्ये वारल्या होत्या.

त्याच ॲडम्स यांनी आर्नोल्ड कोलश्युटर यांच्यासह १९१४ मध्ये दाखवले की एकाच वर्गातल्या ताऱ्यांच्या काही ठरावीक रेषांची तुलना केली, तर नुसत्या वर्णपटावरून खरी तेजस्विता काढता येते. वर्णपटात तेज वाचता येते, हे मॉरी यांच्या ‘सी’ने सुचवलेले तत्त्व आता मोजमापाचे साधन झाले.

कारण कळले

हे असे का होते, याचे उत्तर कोलकात्यात तयार होत होते. मेघनाद साहा यांनी अतितप्त वायूत किती अणू इलेक्ट्रॉन गमावतात हे सांगणारे समीकरण १९२० मध्ये प्रसिद्ध केले. हार्वर्डच्या वर्गीकरणावरचा त्यांचा लेख आधीच लिहून झाला होता. लंडनमध्ये आल्फ्रेड फाउलर यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी तो नव्याने लिहिला आणि १९२१ मध्ये तो रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. कॅनन यांच्या ओ ते एम या मालिकेत कोणत्या मूलद्रव्याची रेषा कुठे उगवते आणि कुठे मावळते, हे तापमानावरून हिशेबाने सांगता येते, हा त्यातला गाभा. हायड्रोजनच्या रेषा ‘ए’मध्ये सर्वांत ठळक असतात त्या हायड्रोजन जास्त असल्यामुळे नाही, त्या तापमानाला त्या रेषा उमटवणाऱ्या अवस्थेतले अणू सर्वाधिक असतात म्हणून. अक्षरांचा क्रम तापमानाचा आहे, हे इथे भौतिकशास्त्राने सिद्ध केले.

साहांच्या समीकरणात तापमानाबरोबर दाबही आहे. वायू विरळ असेल, तर सुटलेल्या इलेक्ट्रॉनला अणूशी पुन्हा गाठ पडण्याची संधी कमी, म्हणून त्याच तापमानाला अधिक अणू विद्युत्भारित राहतात. डेनेबसारखा तारा फुगलेला असतो, त्याचे वातावरण अतिशय विरळ. म्हणून विद्युत्भारित धातूंच्या रेषा तिथे गडद होतात. आणि आसपासच्या भारित कणांची दाटी नसल्यामुळे हायड्रोजनच्या रेषा पसरत नाहीत, बारीक राहतात. १८९७ च्या कोष्टकातल्या दोन्ही लक्षणांचा उलगडा असा झाला. पिकरिंग यांना संशय होता तो छायाचित्राच्या दोषाचा. प्रत्यक्षात ते ताऱ्याच्या घडणीचे चिन्ह होते.

परत आलेले अक्षर

१९२२ मध्ये रोमला भरलेल्या आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या अधिवेशनात कॅनन यांची पद्धत अधिकृत ठरली. त्याच ठरावांत अरुंद, रेखीव रेषांच्या ताऱ्यांसाठी वर्गाआधी ‘सी’ लिहिण्याची मुभा दिली गेली. पंचवीस वर्षांनी मॉरी यांचे अक्षर रीतसर परतले. स्वतः मॉरी पिकरिंग यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस, १९१८ मध्ये, हार्वर्डला परतल्या होत्या. स्वरमंडळातल्या एका चमत्कारिक जोडताऱ्यावरचे त्यांचे दीर्घ काम १९३३ मध्ये छापले गेले. १९४३ मध्ये अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना ॲनी जम्प कॅनन पारितोषिक दिले. त्याच वर्षी यर्क्स वेधशाळेच्या मॉर्गन, कीनन आणि एडिथ केलमन यांनी वर्णपटांचा तो नकाशासंग्रह काढला, ज्यातली पद्धत आजही चालते. वर्गाचे अक्षर आणि आकडा तापमान सांगतो. त्यापुढचा रोमन आकडा तेजस्विता. सूर्य जी-२ आणि पुढे रोमन पाच. अभिजितपुढेही पाच. डेनेबपुढे एक, म्हणजे महाराक्षसी.

हार्वर्डमध्ये पाच लाखांहून अधिक काचपट्ट्या आहेत. अनेकींच्या काचेवर या स्त्रियांनी शाईने केलेल्या खुणा होत्या: बाण, वर्तुळे, आकडे. पट्ट्या संगणकावर चढवताना काच स्वच्छ करावी लागते, म्हणून आधी त्या खुणांची छायाचित्रे घेतली गेली. हे करणाऱ्यांचे आभार मानले पाहिजेत. ताऱ्याचा प्रकाश हा जितका पुरावा, तितकाच तो पाहणाऱ्या माणसाचा निर्णयही पुरावा असतो.

वर्गीकरण करणाऱ्यासमोर नेहमी हीच निवड असते: किती तपशील ठेवायचा आणि किती सोडायचा. कॅनन यांनी तपशील सोडला म्हणून सव्वादोन लाख तारे एका मापात आले. मॉरी यांनी तो धरून ठेवला म्हणून त्या मापात न बसणारे तेज कळले. दोघींपैकी एकीलाच थोर ठरवणे हा कागदांवर अन्याय होईल. पण एक गोष्ट कागदपत्रे नि:संदिग्धपणे सांगतात. ज्याचे कारण कळत नव्हते असा फरक मॉरी यांनी छापील कोष्टकात, वर्णनासह, स्वतःच्या नावाने नोंदवला. ती नोंद खाजगी वहीत राहिली असती, तर कोपनहेगनमधल्या एका तरुणाला वाचायला काहीच मिळाले नसते.